खांब उतरणार नाही

राजकोट, ११ मे १९८७

चि. हरकांतास मोटीबेनचे अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. रसीलाचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. माझं म्हणशील तर मी भांडणात आहे आणि प्रकृती उत्तम आहे.

गच्चीवरच्या माझ्या वायरलेसच्या खांबावर सगळी सोसायटी उलटली आहे. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागते. लोक टीव्हीला हार घालून, हात जोडून बसतात, आणि ऐन वेळी पडद्यावर पांढऱ्या रेघा आणि खरखर. देवाचं तोंडच दिसत नाही. आमचे प्रमुख गिरजाशंकरभाई म्हणतात, बेन, देवाच्या आणि आमच्या मधे तुमचा खांब येतो. काल बैठक भरवून त्यांनी लेखी नोटीस दिली. २४ तारखेच्या रविवारपर्यंत खांब उतरवा, नाहीतर आम्ही उतरवू. खाली अकरा घरांच्या सह्या आहेत. बारावं घर माझं.

मोर्सच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन तिसऱ्या खेपेला मी हा हौशी वायरलेसचा परवाना मिळवला. शाळेतून आल्यावर त्या यंत्राशी बसलं की माझ्या एकटीच्या घरात कोलंबोपासून काठमांडूपर्यंतची माणसं गप्पांना येतात. ते सुख मी अकरा सह्यांपायी सोडू? खांब उतरणार नाही.

पण मी विज्ञान शिकवते, तेव्हा आधी स्वतःचं घर तपासीन. मोटारीतला रेडिओ इंजिनाबरोबर किंचाळायला लागला की तू दुकानात जे कपॅसिटर बसवतोस आणि वायरीवर त्या काळ्या कड्या चढवतोस, ते डझनभर पाठव. पाण्याचे हाल चालूच. नळ बुधवार-रविवार सकाळी, तोही माझ्या तिसऱ्या मजल्यावर नुसता सुस्कारा टाकतो. टँकरच्या चार घागरी रोज वर चढवते.

कळावे. लोभ आहेच, तोही खांबासारखा ताठ राहो.
तुझी थोरली बहीण, मोटीबेन जसुमती


जामनगर, १४ मे १९८७

ती. मोटीबेनच्या सेवेशी, हरकांतचे सा. न. वि. वि.

सामानाचं पुडकं सोबतच्या माणसाकडे दिलं आहे. कपॅसिटर अगदी मोटरीच्या जवळ लाव, लांब लावलास तर काही उपयोग नाही. कडीतून वायर दोन-तीनदा फिरवून घे. हे मी तुला सांगतो आहे, जिने मला सोल्डरिंग शिकवताना माझी बोटं भाजवली होती!

पण मोटीबेन, ऐक. पाण्यात राहून माशाशी वैर नको. राजकोटात हल्ली पाणी नाही, मासे मात्र पुष्कळ आहेत. चार महिने खांब काढून ठेव, पाऊस पडला की लोकांची डोकी थंड होतील. खरखर कुठून येते त्याच्या फार खोलात जाऊ नकोस. प्रत्येकाच्या घरात काही ना काही असतंच. आमचा टीव्ही बघ, आरशासारखा. रविवारी अर्धी गल्ली आमच्याकडे बसते आणि रसीला सगळ्यांना चहा देता देता थकते.

रागावू नये. आशीर्वादाचा हात डोक्यावर असू द्यावा, कानापर्यंत येऊ नये.
तुझा हरकांत


राजकोट, २० मे १९८७, बुधवार

चि. हरकांतास अ. उ. आ.

पुडकं मिळालं, सल्ला परत पाठवते आहे.

तुझं सगळं सामान यंत्राला बसवलं; तू मोटर कुठली म्हणालास कोण जाणे, माझ्या घरात मोटर नाही. शिवाय रविवारी यंत्राचा प्लग काढला आणि तो हातात घेऊन गिरजाशंकरभाईंच्या घरीच मालिका बघायला बसले. तरी रेघा आल्या! मी प्लग त्यांच्या नाकासमोर धरला. तर म्हणाले, प्लग काढला म्हणून काय झालं, खांब तर उभा आहे ना, तो नुसता उभा राहूनही ओढतो. आता या माणसाला काय शिकवायचं? सातवीतली पोरं बरी.

पण आज गंमत झाली. शाळेला सुट्टी, म्हणून सकाळी यंत्र ऐकत होते. साडेनऊला तीच खरखर. बुधवारी सकाळी कुणाचा टीव्ही चालू नसतो, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले तर नळानं सुस्कारा टाकला आणि तो कोरडा पडला. भाई, खरखर आणि पाणी एकाच वेळी येतात! दुसरं काय असणार, गिरजाशंकरभाई आणि मंडळींनी महानगरपालिकेच्या नळाला चोरून मोटरी जोडल्या आहेत. पाणी सुटलं की सगळ्या एकदम ओढायला लागतात, ठिणग्या टाकतात. मनाई आहे, म्हणून अळीमिळी गुपचिळी. माझं पाणीही तेच पितात आणि खापरही माझ्याच डोक्यावर फोडतात.

रविवारी बघते एकेकाला. तुमच्याकडे पाण्याचे वार कोणते, तेवढं कळव.

जिवाला जप, माझ्या जिवाची काळजी नको.
जसुमती


राजकोट, २५ मे १९८७

चि. हरकांतास अ. उ. आ.

तुझं उत्तर आलं नाही. असो, माझंच ऐक.

काल नऊ वाजता चौघे पाने-पक्कड घेऊन गच्चीच्या दाराशी आले. मी दारात उभी, हातात आपल्या बापूजींचा ट्रान्झिस्टर. सांगितलं, माझ्याबरोबर अर्धा तास चला. खरखर माझ्या खांबाची निघाली तर मी स्वतः नट ढिले करीन. नाही निघाली तर ज्यानं नोटीस लिहिली त्यानं ती सगळ्यांसमोर फाडायची. गिरजाशंकरभाई हसून हो म्हणाले.

साडेनऊला पाणी सुटलं आणि ट्रान्झिस्टर ओरडायला लागला. मी तो पुढे धरून जिना उतरले, मागे सगळी वरात. गच्चीपाशी नुसती कुजबुज होती, खाली जावं तसा आवाज वाढत गेला. तळमजल्यावर गिरजाशंकरभाईंच्या कोठीशी त्यानं असा हंबरडा फोडला की लोकांनी कानांवर हात ठेवले. गिरजाशंकरभाई म्हणाले, आत नुसत्या गोधड्या आहेत. तेवढ्यात त्यांच्या म्हाताऱ्या आई मंछाबा आतून ओरडल्या की अरे गिरजा, कुणीही असो, मोटर बंद करू नकोस, माझी टाकी अजून अर्धीच भरली आहे!

कुणी हसलं नाही. हसणार कोण? बायका एकेक करून गुपचूप घरात गेल्या. एकेक मोटर बंद झाली, तसा ट्रान्झिस्टरचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. मी मोजलं, नऊ. नववीनंतर बापूजींच्या ट्रान्झिस्टरमधून स्वच्छ भजन ऐकू आलं आणि वर पडद्यावर देव दिसला. मग मी वर चढत असताना माझ्या घरातून एक आवाज आला. मी नळ उघडाच ठेवून आले होते. बादलीत पाणी पडत होतं. भाई, त्या आवाजानं मी जिन्यातच रडले, हे लिहायची मला लाज नाही.

नोटीस फाटली. खांब जागेवर आहे. पण दुपारी एकेक जण फडक्यात गुंडाळलेली मोटर घेऊन आला. म्हणे हिला तुमचा तो कपॅसिटर लावा, म्हणजे टीव्हीला त्रास नको. मी सगळ्यांना परत पाठवलं. म्हटलं, त्यानं खरखर बंद होते, चोरी नाही. आवाज बंद केला तर मला पुन्हा कळणार कसं?

लोभ वाढू दे.
जसुमती


जामनगर, ४ जून १९८७

ती. मोटीबेनच्या चरणी हरकांतचा शि. सा. न.

आमचे पाण्याचे वार मंगळवार आणि रविवार. दहा-बारा दिवस हे एवढं वाक्य माझ्याच्यानं लिहवलं नाही.

मोटर आमच्याकडेही होती, शिलाईच्या मशीनमागे. दुकानातला सगळ्यात उत्तम कपॅसिटर मी तिलाच लावला होता, म्हणून आमचा टीव्ही आरशासारखा. म्हणून तुला म्हटलं की खोलात जाऊ नकोस. आमच्या वर शारदाबेन राहते, तुझ्यासारखीच शिक्षिका, तुझ्यासारखीच एकटी. रोज घागरी चढवते. जिन्यात भेटली की मी अदबीनं भिंतीला चिकटून तिला वाट द्यायचो आणि स्वतःला सज्जन समजायचो.

तुझं पत्र रसीलानं मोठ्यानं वाचलं. मंगळवारच्या आत मोटर काढली. मंगळवारी आमच्या नळाला करंगळीएवढी धार होती. रसीला बोट वर करून म्हणाली, ऐका. छतातून बादलीत पाणी पडल्याचा आवाज येत होता.

तो कपॅसिटर सोबत पाठवतो आहे. तुझ्याच यंत्राला लाव, दुसऱ्या कशाला लावायचा मला आता धीर नाही. आणि खांब एक हात उंच कर.

तुझा हरकांत