बद्रीचं प्रस्थान

भाद्रपद वद्य चतुर्थी, सोमवार

आज मालकांचं श्राद्ध. पान वाढता वाढता बद्रीच्या हातातून कढीची वाटी पडली.

बद्री म्हणजे माझा थोरला, बद्रीनाथ. पाटबंधारे खात्यातून रिटायर झाला, डोक्याचे केस गेले, पण काही सांडलं की अजून पहिल्यांदा आईकडंच बघतो. मी हसले. म्हटलं, बापाला ताटात वाढायची सोडून स्वतःच्या अंगावर वाढतोस का? तो हसला नाय. छातीवर हात दाबून खाली बसला. घाम नुसता निथळत होता. तोंड पिठासारखं.

थोड्या वेळानं उठला. म्हणाला, पित्त झालं. पित्त म्हणे! गणपती बसले होते तेव्हापासून ह्याच्या छातीत जळजळ.

चौकड्याचा शर्ट खिशापाशी कढीनं माखला होता. मीच धुतला. साबण लागला तशी हळद लालभडक झाली – मला बघवेना, पण चोळत राहिले. सून लक्ष्मी म्हणाली, आई, सोडा, तो डाग नाय जायचा. माझ्या मोतीबिंदूच्या डोळ्यांना तर गेल्यासारखाच वाटतो.

हे सगळं द्वारकाबाई लिहिते. भिंतीला भिंत लागून घर. झेडपीच्या शाळेत मास्तरीण होती. मला अक्षर येत नाय, तिला गप्प बसता येत नाय. लिहिताना तेवढी बसते. हे पण लिहिलंस व्हय? राहू दे.

पंचमी, मंगळवार

दवाखान्यात नेलं. हातातून नळी घालून हृदय बघितलं. तीन ठिकाणी रस्ता बंद. डॉक्टर पोरगेलासा आहे, पण बोलला सरळ – छाती उघडून ऑपरेशन करावं लागेल, ह्याच आठवड्यात करा, घरी नेऊ नका.

बद्री म्हणाला, घट बसल्यावर बघू. पितृपंधरवड्यात असलं काम करत नाही आमच्यात.

स्वतःच्या जबाबदारीवर सही करून घरी आला. जिना चढताना दोनदा थांबला. मी मागं होते. थांबला की मीही थांबायचे, गुडघे दुखल्याचं सोंग करून.

षष्ठी, बुधवार

बद्री सांगतो, पंचांग बघणाऱ्या मधुसूदन जोशींना फोन केला होता, त्यांनीच बजावलंय – घटस्थापना होईपर्यंत सुरी लावायची नाही अंगाला.

काय बोलू? वेळ पाहायची सवय मीच लावली त्याला. देवगाव रंगारीला होतो तेव्हा पेरणीची तिफण जोशीबुवांना विचारल्याशिवाय हलायची नाय. ह्याची शाळा, ह्याची नोकरी, शहरातल्या ह्या घराची चौकट – एकेक काम पंचांग बघून केलं. आणि सगळं निभावलं. मग आता कोणत्या तोंडानं म्हणू, की वेळबीळ काही नसतं?

आणि तसं मला वाटतही नाय. ह्या पंधरवड्यात घरात साधी केरसुणी नवी आणत नाय मी. ह्या दिवसांत पोराची छाती उघडायची म्हटलं की मला भीती वाटते. नाय उघडायची म्हटलं की त्याहून जास्त वाटते. घट बसायला दिवस लई राहिलेत.

सप्तमी, गुरुवार

रिक्षा करून गुलमंडीला गेलो, मी आणि द्वारकाबाई. घरी सांगितलं, डोळ्याचे थेंब आणायचे आहेत. जोशींच्या पाया पडले. म्हटलं, बुवा, दोन-चार दिवस अलीकडची वेळ काढा, काहीतरी तोड काढा, पोरगं जातंय माझं.

जोशींनी मला उठवून बसवलं. म्हणाले, "वच्छलाकाकू, मी त्याला फोनवर काय सांगितलं माहीत आहे का? जिवावर बेतलं की मुहूर्त बघत नाहीत. आज ॲडमिट हो म्हणालो. त्यानं फोन ठेवून दिला."

परत येताना रिक्षावाल्याला मी दोनदा पैसे द्यायला निघाले. द्वारकाबाई साक्षीला आहे. तिलाच काळजी वाटली माझी.

म्हणजे पंचांगबिंचांग काही नाय. भितोय तो. लहानपणी कुत्रं दिसलं की माझ्या पदराआड यायचा, तसा आता पितरांच्या आड लपलाय. तोंडावर विचारलं असतं – पण साठी ओलांडलेल्या माणसाला, सुनेदेखत, भितोस का, असं कसं विचारायचं? हट्टाला पेटला असता. आणि हट्टात तो बापावर गेलाय.

अष्टमी, शनिवार (सप्तमी दोन दिवस होती)

पहाटे बद्री आंघोळीला गेला आणि बादली पडल्याचा आवाज आला. लक्ष्मी दार वाजवते तर कडी काढायला वेळ लागला. म्हणे, पाय घसरला. ओठ निळे होते. मोतीबिंदूतूनही दिसले मला.

मग मी ठरवलं.

आमच्याकडं प्रस्थान ठेवतात. चांगल्या वेळेला निघायचं असतं पण निघता येत नाय, तर त्या वेळेला माणसाचं एक कापड, मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड असं गाठोडं बांधून शेजारच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस त्या वेळेलाच निघाला, असं धरतात. पुढं पंधरवड्याच्या आत ते गाठोडं घेऊन जायचं, मग दिवस कसलाही असो.

दुपारी दोरीवरचा हाताला लागला तो शर्ट ओढला, तांदूळ-सुपारी घातली, गाठ मारली, आणि पदराखाली धरून द्वारकाबाईकडं. म्हटलं, कुणी विचारलं तर हे गणपती बोळवले त्या दिवशी ठेवलंय. पितर बसायच्या आधी. द्वारकाबाई म्हणाली, मावशी, सगळा जन्म मी पोरांना खोटं बोलू नका शिकवलं. म्हटलं, म्हणून तर तुझ्यावर विश्वास ठेवतील.

थट्टा केली खरी.  पण गाठ दोनदा मारावी लागली होती. वेळ चोरायची म्हणजे लहान चोरी नाय. ह्या चोरीचं जे काही व्हायचं ते माझ्यावर होऊ दे. द्वारकाबाई, हे मोठ्या अक्षरात लिही.

नवमी, रविवार

गेलो. दवाखान्याच्या बाकावर बसून सांगते आहे.

सकाळी बद्रीपुढं उभी राहिले. म्हटलं, तुझी छाती जळजळायची तेव्हाच मला दवाखान्याची शंका आली होती. अनंत चतुर्दशीला, गणपती निघाले त्या वेळेला, तुझं प्रस्थान ठेवलंय मी शेजारी. तू तर त्या दिवशीच निघालास, बाबा. आता फक्त पोचायचं राहिलंय. आणि लवकर पोच, गाठोडं फार दिवस चालत नाय.

द्वारकाबाईनं गाठोडं आणून दिलं. खाली बघत होती. कसली मास्तरीण – चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं!

बद्रीनं गाठ सोडली. शर्ट थोडा उलगडला. त्यावरून हात फिरवला. माझ्याकडं बघितलं – बराच वेळ.  मग त्यानं गाठ पुन्हा बांधली, चांगली घट्ट, आणि लक्ष्मीला म्हणाला, "चल. चपला आण माझ्या."

दशमी, सोमवार

सकाळी आत नेलं. गाठोडं माझ्या मांडीवर आहे. चोरलेली वेळ मागून धावत येते का? आज थट्टा सुचत नाय. लिहू नको काही.

एकादशी, मंगळवार

जिवंत आहे. नळ्या आहेत. काचेतून बघितला. बोलत नाय अजून.

द्वादशी, बुधवार

दोन मिनिटं आत सोडलं. आवाज नुसता वाऱ्यासारखा. मी कान खाली नेला.

"आई, घरी जाताना तोच शर्ट दे."

कुठला रे?

"गाठोड्यातला. श्राद्धाला कढी सांडलेला."