तीन तारखेचा काप

मंगळवार पेठ, कोल्हापूर
१६ नोव्हेंबर २०२५, रविवार

प्रिय शबनूर,

आज पाणी उशिरा आलं, साडेसातला. भरून झाल्यावर चहा केला, कालची भाकरी होती ती खाल्ली. दहा वाजता कब्रस्तानात जाऊन आलो. अम्मीच्या कबरीच्या कडेचं गवत वाढलं होतं, तेवढं काढलं. येताना शेजारच्या तानाबाई दारात भेटल्या. वाटीभर आमटी दिली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बाबालालभाई, वाटी परत द्यायची असती बरं का. मागच्या दोन कुठं हायत?" दुपारी जेवून जरा पडलो, झोप आली नाही. आता चार वाजलेत. फोनवर हवा आणि गुडघे यापलीकडं मला बोलता येत नाही, हे तुला माहीत आहे. म्हणून पत्र.

यंदा ऑगस्टमध्ये तू अम्मीच्या गाठीचा ब्लॉक मागितलास. तुमच्या कामाला जुन्या गाठींचे ब्लॉक लागतात, वारसाची सही लागेल, फॉर्म पाठवते, असं तू अगदी जपून सांगितलंस. मी हो म्हणालो. नंतर कधी कुरिअर बंद आहे म्हणालो, कधी कपाटाची किल्ली डॉक्टरांकडं आहे म्हणालो, मग ताप आला म्हणालो. तुला वाटलं, अम्मीच्या शरीराचा तुकडा असा हैदराबादला पाठवणं मला धर्मामुळं पटत नाही. तू मुरगूडच्या मामूंना फोन केलास, त्यांनी मौलानांना विचारलं आणि काही हरकत नाही असा निरोप मला आला. मला तसं काही वाटत नव्हतंच. पण तुझा समज मी तसाच राहू दिला, कारण तो सोयीचा होता.

तेहेतीस वर्षं मी एकच काम करतोय. रोग्याच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, त्याचा ब्लॉक करायचा, ब्लॉकचा केसापेक्षा पातळ काप घ्यायचा, तो काचेवर घेऊन रंगवायचा. रंग नीट बसला का, एवढंच सूक्ष्मदर्शकातून बघायचं आणि स्लाइड डॉक्टरांच्या ट्रेमध्ये ठेवायची. आजार कोणता ते डॉक्टर सांगणार. जांभळ्या-गुलाबी ठिपक्यांपलीकडं मी कधी बघितलं नव्हतं. बघायला तू शिकवलंस. ईदच्या सुट्टीत तू आली होतीस, अम्मी लसूण सोलत होती. तू तिच्या पुढ्यातल्या पाकळ्या घेऊन दोन ताटल्यांत मांडायला लागलीस. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांची सारखी वाटणी व्हावी लागते, दोन्ही टोकांकडून धागे येतात आणि प्रत्येकाला धरतात, एक जरी सुटं राहिलं तरी पेशी थांबते, असं सांगत होतीस. अम्मी म्हणाली, "आधी सोल, मग शिकीव." मग तू मला फोनवर एक फोटो दाखवलास. त्यात पेशीला दोनऐवजी तीन टोकं होती आणि गुणसूत्रं तिन्हीकडं ओढली गेली होती. "अब्बा, हे बिघडलेलं आहे. कॅन्सरमध्ये असं खूप दिसतं. तुमच्या स्लाइडमध्ये रोज असेल, तुम्ही बघत नाही." दुसऱ्या दिवसापासून मी बघायला लागलो. कामातून वेळ मिळाला की मी तीन टोकांची पेशी शोधायचो. सापडली की तुला फोटो पाठवायचो. तू अंगठा पाठवायचीस. त्या रोग्यांची नावं मी बघत नसे.

२०२२ च्या ऑक्टोबरात अम्मीला काखेजवळ गाठ लागली. सर्जननी तुकडा काढला आणि एक नोव्हेंबरला ती बाटली मीच स्कूटरच्या डिकीतून लॅबमध्ये आणली. अम्मी हसत होती. "तुमच्या दुकानात आता माझाबी माल आला म्हणायचा." बहुतेक गाठी साध्या निघतात. मीही तेच धरून चाललो होतो. तुला तर आम्ही गाठीचंच सांगितलं नव्हतं. तीन तारखेला, गुरुवारी, काप घेतला आणि रंगवला. रंग चांगला बसला होता. मग ती पेशी दिसली, तीन टोकांची. मला वाटलं काप दुमडला असेल. सरकवून बघितलं तर पुढं आणखी एक होती. तिच्या पलीकडच्या पेशीत एक गुणसूत्र मध्येच मागं राहिलं होतं. तू शिकवलं नसतंस तर रंग ठीक आहे म्हणून मी ती स्लाइड ट्रेमध्ये ठेवली असती आणि डबा खायला गेलो असतो.

मी ती ट्रेमध्ये ठेवली नाही. माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. डॉक्टरांना सांगितलं, ब्लॉक नीट झाला नाही, परत करायला घेतलाय. सर्जनकडून दोनदा फोन आला, त्यांनाही हेच सांगितलं. कुणाला संशय आला नाही. स्वतःच्या बायकोचा रिपोर्ट कोण अडवून ठेवेल?

एकवीस तारखेला तुझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. आम्ही दोघं बसनं हैदराबादला आलो. अम्मीनं चिवड्याचा डबा मांडीवर धरून आणला होता. पडद्यावर तुझी पहिली पेशी आली तेव्हा ती मोठ्यानं म्हणाली, "ह्यात माणूस कुठं हाय?" पुढची सगळी माणसं वळून बघायला लागली आणि तू तिथूनच हसलीस. अर्ध्या तासानं तू तीन टोकांची पेशी दाखवलीस, भिंतीएवढी मोठी. मी बुटांकडं बघत बसलो. अम्मीचा दंड माझ्या दंडाला लागत होता. एक अक्षर कळत नसताना तू श्वास घ्यायला थांबलीस की ती टाळ्या वाजवत होती. नंतरच्या फोटोत मी दुसरीकडंच कुठं बघतोय, असं तू मला एकदा विचारलं होतंस.

चोवीस तारखेला सकाळी मी स्लाइड ट्रेमध्ये ठेवली. संध्याकाळी रिपोर्ट आला. पुढचं सगळं तू केलंस. रजा काढलीस, ऑपरेशनला थांबलीस, मिरजेच्या फेऱ्या केल्यास. महिनाभर आधी कळलं असतं तर, असं तू कितीदा म्हणालीस. दर वेळी मी उठून आतल्या खोलीत जायचो. तुला वाटायचं मला रडू येतंय. तेवढ्या दिवसांनी काय फरक पडला असता, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही. मिरजेच्या डॉक्टरांसमोर दोनदा तोंड उघडलं आणि गोळ्यांच्या वेळा विचारून बाहेर आलो. फरक पडला नसता म्हणाले असते तरी मला खरं वाटलं नसतं. अम्मीलाही मी सांगितलं नाही. शेवटच्या जुलैमध्ये एकदा सांगायचं ठरवून तिच्याजवळ बसलो होतो. ती म्हणाली, "असं काय बघताय? मी काय आत्ताच चाललो व्हय?" मी उशी सारखी केली. गेल्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ती गेली.

हे मी तुझ्या परीक्षेसाठी केलं, असं वर लिहिलं होतं. दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. तू मला असं काही करायला सांगितलं नव्हतंस, म्हणून ते तुझ्या डोक्यावर ठेवता येणार नाही. आणि ते पूर्ण खरंही नाही. परीक्षा होतीच. पण त्या दिवसांत घरी गेलो की अम्मी पूर्वीसारखी भांडायची, तवा आपटायची, तानाबाईंशी दारातून ओरडून बोलायची. स्लाइड ड्रॉवरमध्ये होती तोवर हे असंच चालणार होतं. मला ते हवं होतं. परीक्षा एकवीसला संपली. बावीसला मी सुट्टीवर होतो, पण तेवीसला लॅबमध्ये होतो. त्या दिवशीही मी ड्रॉवर उघडला नाही.

गेल्या सोमवारी तुमच्याकडून यादी आली. ब्लॉकसोबत रजिस्टरमधल्या त्या ओळीची प्रत हवी आहे. नमुना कधी आला, काप कधी घेतला, रिपोर्ट कधी गेला. रजिस्टर आता लॅबमधल्या केरबाकडं असतं. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, पण झेरॉक्स काढताना त्यानं ती ओळ वाचली. मग हळूच म्हणाला, "चाचा, तीनाच्या अलीकडं दोनाचा आकडा काढला की तेवीस. तिकडं कोण बघतंय?" आणि पेन पुढं केलं. मी ते घेतलं, थोडा वेळ हातात धरलं आणि परत दिलं. प्रत आहे तशीच काढली आहे. फॉर्मवर सही केली आहे. हे पत्र उद्या स्पीड पोस्टनं टाकतो. ब्लॉक आणि प्रत गुरुवारी निघतील, म्हणजे पत्र आधी पोचेल. ती ओळ तू तिथं चार लोकांत उभी राहून पहिल्यांदा वाचू नयेस, एवढ्यासाठी हे लिहिलं. तारखा तुला कागदावरून कळायला नकोत, माझ्याकडून कळायला हव्यात. वाचून तू काय म्हणशील ते मला माहीत नाही. फोन करावासा वाटला नाही तर करू नकोस. पण ब्लॉक परत पाठवू नकोस, त्याचं काम होऊ दे. गिरणी रविवारी सहाला बंद होते आणि दोन किलो ज्वारी सकाळपासून तिथं पडली आहे. पिशवी घेतली, दळण आणायला निघतो.

तुझाच,
अब्बा