चार बिजागऱ्यांचं दार

४ मार्च

दार आलं! चौघांनी धापा टाकत वर चढवलं. आत शिशाचा पत्रा, दाबलेली लोकर, दोन्हीकडून जाड प्लाय. वजन माझ्यापेक्षा जास्त — आणि मी काही काडीपहिलवान नाही. बायको म्हणाली, "तिजोरी करताय का खोलीची?" तसंच समज म्हटलं!

महिनाअखेर वाद्यवृंदाकडे माझ्या व्हायोलिनचं रेकॉर्डिंग पाठवायचंय. दोनदा नकार आला. येणारच! एकदा मागे भांड्यांचा आवाज, एकदा हिची बहीण फोनवर. या घरात रियाज करायचा म्हणजे बाजारात बसून ध्यान लावायचं. आता बाहेरचा आवाज आत येणार नाही. या खेपेला निवड होणार म्हणजे होणार.

५ मार्च

सुतार म्हणतो, "साहेब, तीन साध्या बिजागऱ्या पुरे. आजवर शेकड्यांनी दारं बसवलीत." बसवली असतील. असली म्हैस नाही बसवली! तीनच आणल्या, पण पितळी, नक्षीच्या. दार कसं, शोभलं पाहिजे.

७ मार्च

सकाळी बसवलेलं दार संध्याकाळपर्यंत कललं. वरचे स्क्रू चौकटीतून उपटून आले, खालची कड फरशीवर घासली. फरशीला हा भला मोठा ओरखडा.

बायको: "नक्षी मात्र छान आहे हं."

जखमेवर मीठ कसं चोळावं हे हिला कुणी शिकवायला नको.

९ मार्च

हार्डवेअरच्या दुकानात अर्धा दिवस गेला. दुकानदाराने स्प्रिंगची बिजागरी पुढे केली. "आपोआप लागतं दार." अहो, एवढं वजन आपोआप लागलं तर माझी बोटं आत राहतील! मग व्हायोलिन काय पायाने वाजवू?

शेवटी बेअरिंगच्या घेतल्या. पोलादी, जाड पानांच्या, चार. सगळी ओढ वरच्या बाजूला येते — म्हणून वर दोन जवळजवळ, मधे एक, खाली एक. घरी येऊन कागदावर काढून दाखवलं.

बायको म्हणाली, "एवढा अभ्यास व्हायोलिनचा केला असतात तर?"

अडाण्याशी वाद कशाला!

१४ मार्च

बसलं!! एका बोटाने ढकललं, निमूट लागलं. फट नाही, कुरकुर नाही. सुतार आतून बोंबलला, बाहेर चकार शब्द नाही. बाहेर येऊन म्हणतो कसा, "मी म्हणतच होतो, चार लावा." चोराच्या उलट्या बोंबा!

१५ मार्च

आत स्मशानशांतता. मन लावून वाजवलं. फक्त मधूनच एक बारीक किरकिर येते. नव्या बिजागऱ्या असतील. चारही बिजागऱ्यांना तेल घातलं.

१६ मार्च

रेकॉर्डिंग केलं. किरकिर आहेच! पंखा बंद, मोबाईल बाहेर, दार जागचं हललेलं नाही. पुन्हा ऐकलं. मी थांबलो की तीही थांबते.

व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं.

१७ मार्च

रेकॉर्डिंग पाठवलं नाही. बायकोला विचारलं, "मी बेसूर वाजवतो का गं?"

"लग्नापासून," ती म्हणाली. "पण परवा ते दार लावलंत आणि घर कसं खायला उठलं. उघडं ठेवून वाजवा."