रापणीतला वाटा

दांडी, मालवण

प्रिय सारिका,

मेल उघडत नाहीस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे कागदावर. आरोंद्याचा पोस्टमन दारात उभा राहून हाक मारेल, तेव्हा लपून दाखव बघू!

आधी बातमी सांगते, नाहीतर माझं पोट फुटेल. आपली इलेक्ट्रोडची पट्टी टिकली! लॅबमधल्या मिठाच्या पाण्यात नव्हे गो, दांडीच्या समुद्राच्या पाण्यात. गणपतीआधी इथल्या शेडमध्ये लावली, दसरा झाला तरी हायड्रोजनचे बुडबुडे चालूच. वीज छपरावरच्या सौर पॅनलची.

हट्ट तुझाच होता. मे महिन्यात आमच्या विहिरी तळाला जातात, मग हायड्रोजनसाठी गोडं पाणी कुठून आणायचं, म्हणून भांडायचीस. खारं पाणी पट्टी खातं, असं सगळे सांगत होते. तू निकेल-लोखंडाच्या नॅनोकणांवर कार्बनचा पदर चढवलास. कणांनी पाणी फोडायचं, पदराने मिठाला अडवायचं. आणि नेमका प्रकल्पाच्या तपासणीच्या दिवशी मोठ्या लोकांसमोर तो पदर तडकला. पाणी तांबूस झालं, टाकीत टीसीएल पावडर ओतावी तसा क्लोरीनचा वास सुटला. कोणीतरी हसलं. त्या हसणाऱ्याचा मला अजून राग येतो. लगेच तुझे बाबा आजारी पडले आणि तू आरोंद्याला गेलीस ती गेलीसच.

तुझा पदर आंबोळीसारखा जाड होता, बाई! मी घावण्यासारखे पातळ दोन दिले, एकावर एक. एवढीच माझी अक्कल. रोज सकाळी शेडचं दार उघडून आधी नाक पुढे करायचे. वास नाही! मी एकटीच नाचले. मग आमच्या दाजींना, म्हणजे माझ्या बाबांना, बोलावलं. साबणाच्या फेसात तो वायू भरून काडी लावली, फाट्! दाजी दोन पावलं मागे. "आवशीक खाव! पाण्याक आग लागता?" म्हणाले आणि सगळ्या वाडीला सांगत सुटले.

आता पेपर लिहून झालाय. आपल्या लॅबच्या सरांनी तुझं नाव शेवटी, आभारात घातलं होतं; मधेच सोडून गेली ना, म्हणाले. माझं डोकंच फिरलं. सर पडले पुण्याचे, तरी त्यांच्यासमोर तोंडातून मालवणीच बाहेर पडली, "रापणीच्या दोरयेक जेना हात लावल्यान तेका वाटो गावताच! मगे तो अर्ध्यार घराक गेलो तरी!" त्यांना ओ की ठो कळलं नाही. मग शुद्ध मराठीत समजावलं, की किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढताना ज्याने दोरीला हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतोच, मग तो अर्ध्यावर घरी गेला तरी. तेव्हा सरांनी स्वतःच्या हाताने तुझं नाव पहिलं टाकलं. माझं दुसरं. पण तुझ्या होकाराशिवाय पेपर पुढे जात नाही, म्हणून हे पत्र. आणि नुसता होकार पाठवशील तर बघ! तू हरून गेली नव्हतीस सारिका, जाळं अजून पाण्यात होतं. आता भरून किनाऱ्याला लागलंय. वाटा न्यायला तरी ये गो.

तुझीच, दोरी धरून उभी असलेली,
वर्षाली