बिनकाकडीचं सँडविच

३ सप्टेंबर

चिरंजीव पेन्सिलबाईंना,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. इकडे सगळं ठीक, गुडघा सोडून. तुझं कॉलेज सुरू झाल्याचं दादाकडून कळलं. रोज दोन बस बदलून जातेस म्हणे. सांभाळून जा.

माझं नवं पुस्तक एकोणीस तारखेला, शनिवारी येतंय. आमच्या प्रकाशकांच्या मते लेखकानं हल्ली नुसतं लिहून भागत नाही, दिसावंही लागतं. म्हणून गेले पंधरा दिवस मी दिसते आहे. काल व्हिडिओसाठी मला कपाटापुढे उभं केलं होतं. पाच वेळा बोलले आणि पाचही वेळा पुस्तक उलटं धरलं. सहाव्यांदा सुलटं धरलं, तर बोलायचं काय तेच विसरले. शेवटी त्यांनी उलट्या पुस्तकाचाच व्हिडिओ ठेवलाय. मुलांना आवडेल म्हणतात.

शाळाशाळांतूनही हिंडते आहे. आपलीच टिमकी आपण वाजवायची, दुसरं काय. एका नववीतल्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" मी म्हटलं, मोठे वाचतात कुठे. सगळा वर्ग हसला, मागे बसलेले मास्तर सोडून.

पुस्तक तुला आवडेल की नाही, सांगता येत नाही. तू दहा वर्षांची असल्यापासून माझं प्रत्येक बाड आधी तुझ्या हातात पडायचं आणि समासात तुझी पेन्सिल चालायची. झोप आली की 'झ'. मी खोटं लिहिलं की 'खो'. दुसऱ्या पुस्तकात तर शेवटच्या पानावर 'झ'ची बेरीजही करून दिली होतीस. हे पुस्तक पहिल्यांदाच तुझ्या पेन्सिलीशिवाय गेलं. संपादिकाबाई चांगल्या आहेत, पण त्या 'येथे गती किंचित मंदावते' असं लिहितात. त्यानं माणूस सुधारत नाही.

कार्यक्रम वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, संध्याकाळी पाचला. त्याच दिवशी मागच्या पुस्तकाची नवी आवृत्तीही काढतायत. दोन्ही एकदम. पोस्टर छान झालंय.

आता मागच्या पुस्तकाचा विषय निघालाच आहे म्हणून. जाईन तिथे लोक सातव्या प्रकरणाबद्दल बोलतात. वर्गात कुणी जवळ बसत नाही हे आईला कळू नये म्हणून एक मैत्रीण असल्याची थाप मारणारी मुलगी, आणि त्या नसलेल्या मैत्रिणीसाठी रोज डब्यात एक जादा सँडविच देणारी आई. हे कसं सुचलं, विचारतात. मी म्हणते, सुचलं असंच.

तू मला ते सांगितलंस तेव्हा चौदा वर्षांची होतीस, आणि कुणाला सांगू नकोस म्हणाली होतीस. मी नाव बदललं, शाळा बदलली, तिचा चष्मा काढला, वर एक भाऊ दिला. तुझी आई ते वाचेल आणि ओळखेल, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. वहिनी माझी पुस्तकं वाचते कधी? लेखकाचं असंच असतं गं, दिसेल ते उचलतो. झालं गेलं. दोन वर्षं झाली तू माझ्याशी बोलली नाहीस त्याला. आता मोठी झालीस, समजून घेशील.

आलीस तर पहिल्या रांगेत जागा ठेवते.

तुझी
आत्या

१२ सप्टेंबर

प्रिय पेन्सिल,

पाकीट मिळालं. जाड लागलं हाताला. चार पानी राग असेल असं समजून आधी चहा करून घेतला. उघडलं तर माझंच पत्र परत, समासात तुझ्या खुणांसकट.

गुडघ्यापाशीच 'नमनाला घडाभर तेल'. व्हिडिओला 'झ'. शाळेला 'झ', पण मास्तरांपाशी एक बारीकशी बरोबरची खूण, ती मी तीनदा पाहिली. 'सुचलं असंच' याला 'खो'. 'स्वप्नातही वाटलं नव्हतं' याला दोन रेघा आणि मोठा 'खो'. 'झालं गेलं' याच्यापुढे 'कुणाचं?' 'समजून घेशील' इथे टोक मोडलंय, कागदाला भोक पडलंय. आणि माझ्या सहीखाली लिहिलंयस, 'माफी शोधली. दोनदा. सापडली नाही.'

मीही चष्मा लावून शोधली. खरंच नाहीये. चार पानं लिहिली आणि ताकाला जाऊन भांडं लपवलं.

तर आता भांडं पुढे करते. मागच्या पुस्तकाचं बाड तुला वाचायला दिलं, तेव्हा सातवं प्रकरण मी त्यातून काढून ठेवलं होतं. स्वप्नातही वाटलं नव्हतं, हे खोटं आहे. मैत्रिणीला काकडी चालत नाही, असं तू आईला सांगून ठेवलं होतंस. खरं तर काकडी तुलाच आवडत नव्हती, पण तुमच्या घरात तसं म्हणायची सोय नव्हती. म्हणून वहिनी रोज एक काकडीचं सँडविच द्यायची आणि एक बिनकाकडीचं. पहिल्या खर्ड्यात मी त्या काकडीचा टोमॅटो केला होता. कारण मला पक्कं माहीत होतं, की वहिनीच्या हातात पुस्तक पडलं तर ती काकडीपाशीच थांबेल. मग छपाईला जायच्या आदल्या दिवशी पुन्हा वाचलं. टोमॅटो मिळमिळीत वाटला. मी काकडी परत घातली.

त्या दिवशी मला तुझ्यापेक्षा ते वाक्य प्यारं झालं. याला दुसरा शब्द नाही. तू विश्वासानं सांगितलेलं मी न विचारता घेतलं, आणि जे तू आईला कधीतरी स्वतः सांगितलं असतंस, ते तिला छापील पुस्तकातून कळलं. माझी चूक झाली. मला माफ कर. आणि करावंसं वाटलं नाही तर नको करूस, मी कारणं सांगत बसणार नाही.

सकाळी प्रकाशकांना फोन करून नवी आवृत्ती थांबवायला सांगितली. ते म्हणाले, "अहो मॅडम, पोस्टर लागलंय." मी म्हटलं, अर्धं झाका. "लोकांना कारण काय सांगू?" मी म्हटलं, एका वाचकाची परवानगी यायची आहे. ते म्हणाले, "एकाच?" आता ते पुस्तक पुन्हा कधी काढायचं आणि काढायचं की नाही, हे तू ठरवशील. कधीच नको म्हणालीस तर कधीच नाही. शनिवारी कुणी सातव्या प्रकरणाबद्दल विचारलं तर सांगणार आहे, की ते मला सुचलं नव्हतं, ते मी न विचारता घेतलं होतं. कुणाचं, ते सांगणार नाही.

शेवटच्या पानामागे, अगदी तळाला, बारीक अक्षरात तू जे लिहिलंयस ते मी सगळ्यात उशिरा पाहिलं. आईनं पुस्तक वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी डब्यात एकच सँडविच होतं. त्यात काकडी नव्हती. ती काही बोलली नाही, तूही नाहीस. आणि त्याखाली, 'हे तुझ्या पुस्तकात नाही. घालायचंही नाही.'

चहा तसाच राहिला. मी रडले, सरळच सांगते. वहिनीसाठी रडले, तुझ्यासाठी रडले, आणि दोन वर्षांनी तू मला पुन्हा काहीतरी सांगितलंस म्हणूनही रडले.

हे मी कुठेही घालणार नाही. पुस्तकात नाही, भाषणात नाही, दादाशी बोलतानाही नाही. त्यातल्या काकडीचा टोमॅटो करूनसुद्धा नाही. आणि ते फार चांगलं आहे, पेन्सिल. मी लिहिलेल्या सातव्या प्रकरणापेक्षा कितीतरी चांगलं.

सोबत नव्या पुस्तकाची प्रत पाठवते आहे. छापून झालंय, आता त्यात काही सुधारता येणार नाही. पण समास मी मुद्दाम रुंद ठेवायला लावलाय, प्रकाशक कागद वाया जातो म्हणून कुरकुरत होते. पेन्सिलीचं टोक करून घे. शनिवारी पहिल्या रांगेतली दाराजवळची खुर्ची तुझी. कंटाळा आला तर मधूनच उठून जाता येईल. नाही आलीस तरी तिच्यावर कुणाला बसू देणार नाही.

या वेळी तोंड बंद ठेवणारी,
तुझी आत्या