कापलेली चार मिनिटं

बाल्टिमोर, ३ फेब्रुवारी २००५

चि. मिनास यास सेवास्तीताईचे अ. उ. आ.

मुलाने मला काडेपेटीएवढं गाण्यांचं यंत्र दिलंय. बेकरीत पीठ मळताना ऐकते. त्यात म्हणे एमपीथ्रीच चालतं. मी घर सोडलं त्या वर्षीच्या ऑगस्टच्या जत्रेच्या कॅसेटी तुझ्याकडे आहेत, मामाने भरलेल्या. तेवढ्या करून पाठव.

थोरल्या मुलीने आईचं घर सांभाळायचं ही आपली रीत, ती मोडून मी इकडे लग्न केलं. त्यानंतर बाबांनी माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाही आणि तसेच गेले. पण जत्रेच्या बैठकीत प्रत्येकाला पाळीने दोन ओळी रचून गाव्याच लागतात, आणि परदेशी गेलेल्याला कोणी विसरत नाही. बाबा माझ्यावर काहीतरी गायले असतीलच. शिव्या असल्या तरी मला ऐकायच्यात.

तुझ्या कालित्साला आशीर्वाद. लोभ आटू देऊ नकोस.

तुझी ताई

कार्पाथोस बेट, १ मार्च

ती. ताईस मिनासचा सा. न. वि. वि.

पाच कॅसेटी कॉम्प्युटरात उतरवल्या. एमपीथ्री केल्यावर फाइली दहाव्या हिश्श्याएवढ्या उरल्या, तरी तुझ्या काडेपेटीत मावेनात. म्हणून जिथे कोणी गात नाही ते सगळं कापलं: ताटल्या, खोकले, गजावर नुसती वाजणारी लिरा. बायको म्हणते, आठवडाभर जेवणाचं टेबल अडवलंस, आता कॉम्प्युटरच खा.

त्या साली मी लष्करात होतो, म्हणून मीही पहिल्यांदाच ऐकलं. उरलेलं सगळं ऐकलं, ताई. बाबा गायलेच नाहीत. म्हाताऱ्याची अढी तुला ठाऊक आहे. मनाला लावून घेऊ नकोस. सीडी सोबत आहे.

धाकट्यावर माया असू दे.

मिनास

बाल्टिमोर, २० मार्च

चि. मिनास, अ. उ. आ.

सीडी ऐकली. मामा गायला की लगेच मानोलिसकाका. त्या दोघांच्या मध्ये बाबा बसायचे, जन्मभर. बसलेल्या माणसाला लिरा वगळून जात नाही, तो गाईपर्यंत वाजत वाट पाहते, हे विसरलास? गाढवा, तिथे जे होतं ते तूच कापलंस. मूळ फाइल असेल तर तेवढा भाग पाठव. पुसली असशील तर मला कळवू नकोस. मला त्यांची फार आठवण येते रे.

लोभ आहे म्हणूनच रागावते.

ताई

कार्पाथोस, ४ एप्रिल

ती. ताईस सा. न.

मूळ फाइल आहे. मामानंतर चार मिनिटं लिरा तीच चाल फिरवतेय, म्हणून मी कात्री लावली होती. आता कान लावून ऐकलं. बाबा सूर धरतात, ओठातल्या ओठात 'पोरी' म्हणतात आणि पुढे काही येत नाही. लिरा पुन्हा फिरते, पुन्हा तेवढंच. असं पाच वेळा. मानोलिसकाका त्यांना म्हणतात, अंदोनिस, राहू दे. बाबा म्हणतात, नाही, मला म्हणायचंय. सहाव्या वेळी तेवढंही निघत नाही. मग काका गाऊ लागतात.

सतरा वर्षं मी तुला त्यांची अढीच लिहीत आलो. मला माफ कर.

हा तुकडा एमपीथ्री केलेला नाही. तसं केलं की बारीक आवाज जातात म्हणतात, आणि यात बारीकच आवाज आहेत. मुलाला सांग, यंत्र बदलावं लागलं तरी बदल.

तुझा
मिनास