वर्गातला आवाज

१२ फेब्रुवारी

प्रिय ठकूस,

अनेक आशीर्वाद. तुझी खुशाली विचारायला मला तोंड राहिलेलं नाही, म्हणून आधी इकडची कळवते. बाबांचा गुडघा बरा आहे. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत माझा वर्ग चालू आहे. सध्या अकरा गरोदर बायका येतात. कुशीवर वळा म्हटलं की एकदम अकरा "आई गं" निघतात आणि खालची शिलाईयंत्रं क्षणभर थांबतात. औषधांच्या दुकानात काम करणारी एक तर श्वास मोजता मोजता घोरायलाच लागते. तिला कोणी उठवत नाही.

तुला सहावा लागल्याचं जावईबापूंनी बाबांना सांगितलं, आणि बाबांच्या पोटात काही राहत नाही. त्यांच्यावर रागावू नकोस. मी ऐकलं आणि नळ वाहता ठेवून तशीच उभी राहिले.

वर्गात मी एक बदल केलाय. आता चटया घालण्याआधी एकेकीला विचारते, बाळ काल किती हललं, आज किती. कुणाला जरा कमी वाटलं तरी चटई उलगडू देत नाही, तशीच गाडीत बसवून दवाखान्यात पाठवते. गेल्या महिन्यात तिघींना पाठवलं, तिघींचंही ठीक निघालं. एकीची सासू मला ऐकवून गेली, "बाई, तुम्ही मन शांत करायला शिकवता की धडकी भरवता?" मी म्हटलं, "आधी धडकी, मग शांती."

हे कशामुळे, ते तुला सांगायला नको. पण दोन वर्षं जे टाळलं ते आज लिहायचंच आहे.

त्या मंगळवारी तू फोन केलास तेव्हा सगळ्याजणी माझ्यासमोर डोळे मिटून पडल्या होत्या. तू म्हणालीस, "आई, कालपासून बाळ हललेलं नाही." आणि मी तुझ्याशी वर्गातल्या आवाजात बोलले. हळू, लांबवत. डाव्या कुशीवर झोप, श्वास सोड, तेही झोपलं असेल, उद्या बघू. तू म्हणालीस, "त्या आवाजात नको ना बोलूस माझ्याशी." तरी मी तोच लावून धरला, कारण समोरच्या बायका घाबरल्या असत्या. खरं म्हणजे मीच घाबरले होते. तू माझं ऐकलंस. नेहमीच ऐकायचीस.

दुसऱ्या दिवशी सगळं संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काल आला असतात तर काय झालं असतं, सांगता येत नाही. बाकावर बसल्या बसल्या बाबांनी मला विचारलं, "ठकी तुला काल काही बोलली होती का?" मी म्हटलं, "नाही. नुसतं दमल्यासारखं वाटतंय म्हणाली."

तू दाराशी चाकाच्या खुर्चीत होतीस. तू ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. पुढे जो तो तुलाच म्हणत राहिला, आईला वेळेवर सांगायचं होतंस. मी शेजारी बसून गप्प राहिले.

आज सकाळी बाबांना खरं सांगितलं. ते चहा तसाच ठेवून बाहेर गेले. जेवायला आले, पण अजून माझ्याशी बोललेले नाहीत. मावशीला आणि तुझ्या सासूबाईंनाही सगळं लिहिलंय; ती पत्रं याच्याबरोबरच टाकते. माफीचं वाक्य दोनदा लिहून खोडलं. ते वाचून तुलाच माझी समजूत काढावीशी वाटेल, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

एकच सांगते. हालचाल जराही कमी वाटली तर मला फोन करू नकोस. कुणालाच करत बसू नकोस. आधी दवाखाना गाठ. तिथे पोचल्यावर वाटलंच, तर कर. वर्ग भरलेला असला तरी उचलीन आणि सगळ्यांच्या देखत तुझ्याबरोबर घाबरीन.

तू तेव्हा वेळेवर सांगितलं होतंस.

तुझी,
खोटं बोललेली आई